न रडणारी मैना

मिरजेतल्या बाळांचं रडणं नेमकं कधी बंद झालं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. नवा आवाज सुरू झाला की माणूस लगेच कान टवकारतो, पण चालू असलेला आवाज थांबला तर ते ध्यानात यायला वेळ लागतो. मुलांच्या डॉक्टरांकडे पूर्वी रडारडीनं डोकं उठायचं. आता तिथे पंख्याची घरघर ऐकू यायची. लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं चालू असताना एकही पोर भोकाड पसरत नव्हतं. बाळं आयांच्या मांडीवर बसलेली असत, पंगतीतून उठलेल्या पाहुण्यांसारखी शांत आणि तृप्त. 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही म्हण त्या गावानं मोडीत काढली होती.

हे घडलं टाळूपट्टीमुळे. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपण होतं, नाळ कापली जाते, तरी या पेशी परत जात नाहीत. आईच्या काळजात, फुप्फुसात, मेंदूतसुद्धा त्या घर करून राहतात, तेही कित्येक वर्षं. हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. या पेशींचा उपयोग काय, हे मात्र ठाऊक नव्हतं. मिरजेच्या एका संशोधन केंद्रातल्या डॉ. तस्नीम मुजावर यांनी त्यांना 'अंशपेशी' असं नाव दिलं आणि त्यांना जागं करायची युक्ती शोधून काढली.

बारशाच्या दिवशी बाळाच्या टाळूवर एक पारदर्शक पट्टी चिकटवायची, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. तशीच दुसरी आईच्या मानेमागे, केसांखाली. बाळाला भूक लागली की त्याच्या मेंदूत जे उमटे ते टाळूवरची पट्टी आईच्या पट्टीकडे धाडी, आणि आईच्या मेंदूतल्या अंशपेशी ते ओळखत. ओळखणार नाहीत तर काय? त्या बाळाच्याच होत्या की. बाळ दुसऱ्या खोलीत असो नाहीतर दुसऱ्या गल्लीत, त्याला काय हवंय ते आईला आतूनच कळायचं.

अन्विता कोरेला आपल्या लेकीची, मैनेची भूक जिभेखाली कळे. तिथे एकदम पाणी सुटायचं. मैनेला झोप आली की अन्विताच्याच पापण्या जड होत, आणि शी लागली की हिच्या ओटीपोटात बारीक कळ येई. अन्विता घरी सतार शिकवायची. शिकवणी चालू असताना ती मध्येच उठायची, आत जाऊन मैनेला दूध द्यायची आणि गत जिथे सोडली होती तिथून पुढे धरायची. मैनेनं हूं की चूं केलेलं नसायचं. विद्यार्थी थक्क होत आणि अन्विताला त्याचा अभिमान वाटे. वाटणारच. साऱ्या जगातल्या आया आजवर अंदाजानं पोरं वाढवत आल्या. अंदाज चुकला की पोरालाच धपाटा. अन्विताचा अंदाज कधी चुकलाच नाही, कारण तिला अंदाज करावाच लागला नाही.

मैना दोन वर्षांची झाली, चालायला लागली, पळायला लागली. बोलत मात्र नव्हती. नाव मैना, पण बोलायचं नाव नाही! "काही मुलं उशिरा बोलतात," असं सगळेच म्हणत. ज्या गावात सगळ्यांचीच मुलं उशिरा बोलतात, तिथे उशीर कुणाला कळणार?

एकट्या अमेयला, म्हणजे अन्विताच्या नवऱ्याला, मधूनमधून काहीतरी खटके. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणसं कुठे बघतात याकडे पाहायची त्याला सवयच लागली होती.

"मी घरात शिरलो की मैना माझ्या तोंडाकडे बघते," एकदा तो म्हणाला. "तू आलीस की बघतच नाही."

"कशाला बघायला पाहिजे?" अन्विता हसली. "मी तिच्याजवळच असते. तुला बापड्याला दार उघडून यावं लागतं."

अमेयनं तो विषय सोडून दिला. टाळूपट्टी फक्त आईला लागते, बापाला लागत नाही, त्यामुळे त्याला थोडं वाईट वाटत असणार, अशी अन्विताची समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती.

संक्रांत झाली आणि अन्वितानं मैनेचं बोरन्हाण केलं. मैनेला काळं परकर-पोलकं घातलं. हलव्याचा मुकुट, हलव्याच्या बांगड्या, गळ्यात हलव्याचा हार. जयसिंगपूरहून अन्विताची इंदूमावशी मुद्दाम आली होती. शेजारपाजारची चार पोरं बोलावली. त्यातली दोन मैनेसारखीच पट्टीवाली. उरलेली दोन गुरवांची जुळी. त्यांचा जन्म आजोळी खेड्यात झाला, तिथे पट्टी पोचली नव्हती.

मैनेला पाटावर बसवलं, बाकीच्यांना भोवती. मावशीनं सुपातली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि गोळ्या असं सगळं एकत्र करून मैनेच्या डोक्यावरून ओतलं. बोरं टपटप घरभर पळाली. गुरवांच्या जुळ्यांनी आरोळी ठोकून झेप घेतली, एकानं दुसऱ्याचे केस ओढले, दुसरा चावला, दोघांनी भोकाड पसरलं आणि रडत रडत परत बोरं वेचायला लागले. त्यांची आई ओशाळून गेली.

पट्टीवाली तिन्ही मुलं जागची हलली नाहीत. मैना बसल्या जागी एका उसाच्या करव्याकडे टक लावून पाहत होती. हात पुढे केला नाही की बोट दाखवलं नाही. आणि त्याच क्षणी तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तीन आया एकदम खाली वाकल्या. एकीनं गोळी उचलली, एकीनं बोर, अन्वितानं उसाचा करवा. तिघींनी ते आपापल्या लेकराच्या हातात ठेवलं.

सगळे खो खो हसले. "पोरांचं बोरन्हाण आन् लूट आयांची!" मावशी म्हणाली. पण हसता हसता ती थांबली. तिनं तिघींकडे पाहिलं, मग त्या तीन मुलांकडे. ती मैनेसमोर येऊन बसली आणि तोंडावर पदर घेतला.

"बुवाऽऽ..." तिनं पदर झटकन खाली ओढला, "कुक!"

मैना टकामका पाहत राहिली. मावशीनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा गुरवांची जुळी शेजारून खिदळायला लागली. मैनेच्या ओठाची कडसुद्धा हलली नाही.

"अगं ए अन्विता, ही हसंना का गं?" मावशी म्हणाली. "तू कर बघू. तू आई हाईस."

अन्वितानं ओढणी तोंडावर घेतली. "बुवाऽऽ कुक!" मैना तिच्याकडे बघतही नव्हती. ती करवा चघळत होती. ओढणीआड आई गेली काय आणि ओढणीबाहेर आली काय, तिच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

"ह्यो खेळ सा म्हैन्याच्या पोराला कळतोय, बाई," मावशी हळूच म्हणाली. "आई गेली म्हून जीव घाबरतोय, आन् आली म्हून हसू येतंय. तुझी मैना मूग गिळून बसलीया. कुणाला तरी दाखीव हिला."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा अन्विताच्या पोटात गोळा आला, आणि तो मैनेचा नव्हता. तिचा स्वतःचा होता.

डॉ. मुजावर पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. अन्वितानं त्यांना बोरन्हाणाची हकिगत सांगितली. तीन आया एकदम वाकल्या, हे ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही सतार शिकवता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तरफा तुम्हाला सांगायला नकोत."

"मुख्य तारांच्या खाली असतात त्या बारीक तारा. वरची तार छेडली की त्या आपोआप झंकारतात, हात न लावता. सुरात लावलेल्या असल्या तर."

"टाळूपट्टीची कल्पना मला त्यावरूनच सुचली," डॉक्टर म्हणाल्या. "माझे आजोबा सतारी बनवायचे. लहानपण त्या भोपळ्यांतच गेलं. आम्ही असं धरून चाललो होतो, की मूल ही तार आणि आई ही तरफ. मूल वाजणार, आई झंकारणार."

"धरून चालला होतात म्हणजे?"

"तरफ छेडली तर वरची तारही थरथरते, अन्विताताई. एकाच लाकडावर असतात दोघी. हे मी विसरले." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "बाळाच्या पेशी आईत उतरतात, तशा आईच्या पेशीही बाळात उतरतात. आम्ही तुमच्यातल्या जाग्या करायला गेलो. तिच्यातल्याही जाग्या झाल्या."

अन्विताला हे कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मैनेला माझं कळतं? मला भूक लागली, माझं डोकं दुखलं, मी अमेयवर चिडले..."

"सगळं. बारशापासून."

"मग बरंच आहे की!" अन्विता एकदम म्हणाली. "आईला तिच्याइतकं आजवर कुणीच ओळखलं नसेल."

"तिला ते जाणवतं. पण ते तुमचं आहे, हे तिला कुठून कळणार?" डॉक्टर म्हणाल्या. "मूल आईला हाक कधी मारतं, सांगा बरं?"

"भूक लागली की. भीती वाटली की."

"आई लांब असली की. जी लांब नाहीच, तिला कुणी हाक मारत नाही. हाक मारायची म्हणून मूल रडतं, रडून भागेना म्हणून शब्द शिकतं. बोट दाखवतं, हट्ट करतं, खोटंसुद्धा बोलतं. हे सगळं त्या मधल्या अंतरामुळे. आम्ही ते अंतरच काढून टाकलं." त्यांचा आवाज खाली गेला. "मिरजेतल्या एकाही पट्टीवाल्या मुलाला अजून शब्द फुटलेला नाही. आम्ही त्यांचं रडणं मोजत होतो. शून्य आलं की पेढे वाटत होतो."

'काही मुलं उशिरा बोलतात' हा अन्विताचा आधार होता. तो गेला. आता सगळ्या गावातली शांत, तृप्त बाळं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिच्या अंगावर काटा आला.

"उपाय काय?" तिनं विचारलं.

"पट्टी काढायची. बोलायला शिकण्याचं वय असतं, ते निघून गेलं तर पुढे फार अवघड होतं. पण एक लक्षात घ्या. अंशपेशी संदेशांवर जाग्या राहतात. पट्टी निघाली की त्या निजतात, आणि एकदा निजलेल्या पेशी आम्हाला प्रयोगशाळेत तरी पुन्हा उठवता आलेल्या नाहीत. परतीचा रस्ता नाही."

"मैना काय करेल?"

"रडेल," डॉक्टर म्हणाल्या. "रडू द्या. हे मी डॉक्टर म्हणून सांगतेय. पुढचं मलाही ठाऊक नाही. पट्टी काढणारं तुमचं घर पहिलंच."

घरी आल्यावर अमेयनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्याच काढू."

"तुझं काय जातंय?" अन्विता कडाडली. "तुला ती कधी आतून कळलीच नाही. मला ती झोपेत कूस बदलली तरी कळते. माझं अर्धं अंग कापून टाकायचं म्हणतोयस तू."

"आणि तिचं?" अमेय शांतपणे म्हणाला. "ती पूर्ण कधी होणार मग?"

अन्विताला लेक बोलायला हवी होती आणि धागाही तुटायला नको होता. दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मागायला आपल्याला लाज वाटत नाही याचंच तिला नवल वाटलं. बरेच दिवस ती टाळत राहिली. कधी मैनेला सर्दी होती, कधी विद्यार्थ्यांची परीक्षा होती. मग एका दुपारी गुरवांच्या जुळ्यांपैकी एक जिन्यातून ओरडत आला, "आई, भूऽऽक!" साधा शब्द. त्याची आई स्वयंपाकघरातून खेकसली, "आत्ताच गिळलास ना रे!" त्यावर तो हसला आणि पुन्हा ओरडला, "पण भूऽऽक!" अन्विता भिंतीला टेकून ते भांडण ऐकत राहिली. तिला त्या बाईचा कडकडून हेवा वाटला.

पट्टी तिनं स्वतःच काढली. डॉ. मुजावर घरी आल्या होत्या, मावशीलाही बोलावून घेतलं होतं. अन्वितानं कोमट खोबरेल तेल मैनेच्या टाळूवर घातलं, बोटानं हळूहळू मुरवलं. पट्टीची कड सुटली. तिनं ती सोलून काढली.

तेवढ्यात काहीतरी थांबलं. आवाज नव्हता तो, तरीही थांबला. अन्विताला वाटलं, घरातलं कुणीतरी न सांगता निघून गेलं. ती मैनेकडे पाहत होती आणि मैनेला भूक आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या मांडीवर एक मूल बसलेलं होतं, बस्स.

मैनेनं मान वळवली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते ऐकून खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. दोन वर्षांचं साठलेलं रडणं होतं ते. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मावशी मात्र रडता रडता हसायला लागली. "रडली गं बाई, रडली! पोरगी जिती हाय!"

अन्विताही हसली. तिनं मैनेला छातीशी घेतलं. मैनेनं दोन्ही हातांनी तिला ढकललं आणि अमेयकडे झेपावली.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. मैना सारखी रडत होती आणि अन्विताला ते का हे कळत नव्हतं. झोप आलेली असताना तिनं दूध पुढे केलं, भूक लागलेली असताना अंगाई म्हटली. दोन वर्षांच्या मुलीची ती जणू कालच आई झाली होती. मैना अमेयच्या कडेवर शांत व्हायची, मावशीच्या मांडीवर झोपायची. अन्विता जवळ आली की अंग चोरायची.

"रुसलीया तुझ्यावर," मावशी म्हणायची. "पट्टी तूच काढलीस न्हवं. चार दिवसांत येतीय का न्हाई बघ गळ्यात."

आणि खरंच, हळूहळू मैना बदलत गेली. तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. अमेयचा चष्मा ओढला. एका सकाळी मावशीनं पदर तोंडावर घेऊन "बुवाऽऽ कुक!" केलं आणि मैना खळखळून हसली. घरातलं ते तिचं पहिलं हसू. मग तिला तो नादच लागला. मावशीचा पदर ओढायचा, अमेयच्या तोंडावरचं वर्तमानपत्र ओढायचं, आड लपलेलं माणूस सापडलं की टाळ्या पिटायच्या. पडद्याआड माणूस असतं, शोधलं की सापडतं, हे तिला उमगलं होतं. अन्वितानं लगेच डॉक्टरांना फोन करून ते सांगितलं.

त्याच दुपारी अन्विता बैठकीत सतार लावत बसली होती. मावशी पलीकडे लसूण सोलत होती. मैना दारात आली, थोडी घुटमळली. अन्वितानं सतार बाजूला ठेवली, ओढणी तोंडावर घेतली आणि श्वास रोखून बसली.

पावलं जवळ आली. ओढणीला हिसका बसला. समोर मैनेचा चेहरा होता, अगदी जवळ, आणि ती पहिल्यांदाच अन्विताकडे सरळ बघत होती. तिचे ओठ हलले.

"आई?"

मावशीच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. अन्विताला आनंदानं वेड लागायची पाळी आली. "हो गं माझी बाय! मी आई! मीच आई!"

मैनेनं तिचं नाक चाचपलं, गाल चाचपला. नीट निरखून पाहिलं. मग ओढणी उचलून पुन्हा अन्विताच्या तोंडावर टाकली, जसा रिकामा डबा झाकण लावून ठेवून द्यावा तशी, आणि पुढे गेली.

"आई?" तिनं अन्विताच्या पाठीमागे पाहिलं. "आई?" दाराच्या पडद्यामागे पाहिलं, सतारीच्या गवसणीत हात घालून पाहिलं.

"मैना, बाळा, इकडे बघ," अन्विता ओढणीतून कशीबशी म्हणाली. "मी इथे आहे."

मैनेनं वळून पाहिलंसुद्धा नाही. ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली, थोडा विचार केल्यासारखी. मग तिनं आपल्या फ्रॉकचा गळा दोन्ही मुठींनी पुढे ओढला, मान खाली घालून आत डोकावली आणि आपल्याच छातीत हाक मारली, "आई?"

ती उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली.